खिडकी लावून केलेली सुरमई

स्वतःच्याच स्वयंपाकघराची खिडकी उघडायला तुम्ही कधी घाबरला आहात का?

नसाल, तर हे तुमच्यासाठी लिहिते आहे. असाल, तर पुढचं बरंचसं तुम्हाला ठाऊकच असेल.

प्रश्नाने सुरुवात करायची आणि वाचणाऱ्याला एखादं काम सांगून थांबायचं, हे मला आईने शिकवलं. डोंबिवलीत ती बायकांच्या संघटनेत होती. रेशन, पाणी, गॅसचे भाव, दारूचं दुकान, जे निघेल त्याचं पत्रक तीच लिहायची आणि गठ्ठे आमच्या घरात पडायचे. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. माझ्या वह्यांना कव्हर त्यांचं, फडताळात डब्यांखाली कागद त्यांचा. मासे साफ करताना खाली पसरायलाही आई जुनं पत्रकच घ्यायची. ‘पाणी आमच्या हक्काचं’ या ओळीवर बोंबलांची डोकी पडलेली मला अजून दिसतात. ही बाई कुणाच्या बापाला घाबरत नाही, असं सगळी चाळ म्हणायची, आणि मीही तसंच समजत होते.

मग आमची इमारत धोकादायक ठरली आणि पाडायला घेतली. माझं ऑफिस माजिवड्याला, म्हणून आम्ही ठाण्यात भाड्याचं घर शोधायला लागलो. बाबा मी कॉलेजात असतानाच गेले होते. एजंट आम्हाला बघून आधी विचारायचा, “दोघीच बायका?” आणि मग खुर्चीत जरा पुढे सरकून, “व्हेज ना तुम्ही? नाही, मालकांचं तेवढंच आहे.”

पहिल्या एजंटला आई म्हणाली, “मालकांना सांगा, आम्ही माणसं खात नाही. बाकी सगळं खातो.”

दुसऱ्याला म्हणाली, “तुम्ही घर भाड्याने देताय की ताट?”

त्यानंतर फोनच यायचे बंद झाले. डोंबिवलीच्या इमारतीतले शेजारी एकेक करून निघून गेले, जिन्यातले दिवे गेले, मीटर काढायला माणसं आली. वर्तकनगरचं घर दाखवणाऱ्या एजंटने तोच प्रश्न विचारला तेव्हा मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण माझ्या आधी आई बोलली.

“हो. व्हेजच.”

मी तिच्याकडे बघितलं. ती भिंतीवरच्या स्विचबोर्डकडे बघत होती.

करारात ती ओळ होतीच. या जागेत मांसाहारी पदार्थ शिजवल्यास करार तत्काळ रद्द, आणि जागा रिकामी. आईने चष्मा काढलाच नाही पर्समधून. मी वाचली, आणि वाचूनही सही केली. परतताना रिक्षात मी तिच्याशी भांडले. कॅडबरी जंक्शनच्या सिग्नलला रिक्षा थांबली तरी माझं तोंड थांबलं नव्हतं. तत्त्व, हक्क, लाज, सगळे शब्द मी तिचेच तिला परत केले. तिने ते ऐकून घेतले आणि म्हणाली, “पत्रकाला छप्पर लागत नाही गं. आपल्याला लागतं.”

आई घाबरली आहे हे मला त्या वाक्याने कळलं, आणि त्या क्षणापासून मीही घाबरले.

घरमालक समोरच्याच इमारतीत राहायचे आणि सकाळ-संध्याकाळ आमच्या खिडक्यांखालून फेऱ्या मारायचे. आमच्या मजल्यावर, आमच्या दारासमोर, एक काकू राहायच्या. निवृत्त शिक्षिका, एकट्या, बोलणं अगदी स्वच्छ, पुस्तकासारखं. त्यांचं स्वयंपाकघर आणि आमचं स्वयंपाकघर इमारतीच्या मधल्या पोकळीत, एकाच डक्टमध्ये उघडायचं. त्यांनी फोडणी घातली की मला कळायचं त्यात हिंग किती आहे. मग त्यांना आमचं काय काय कळत असेल, हा विचार मी पहिल्याच दिवशी केला.

आम्ही मूळच्या वेंगुर्ल्याकडच्या. मासे घरात नाहीत असे दिवस आईच्या आयुष्यात श्रावणाचे आणि उपासाचे. आता रोजच तसा दिवस. ती तक्रार करायची नाही. ताटातला भात बोटांनी या बाजूचा त्या बाजूला करायची आणि उठायची. तिचे ब्लाऊज खांद्यावरून उतरायला लागले. मी तिला दोन-तीनदा खानावळीत नेलं. तिथे ती काटे चोखून, ताट पुसून जेवली, आणि परतताना लिफ्टमध्ये तोंडावर पदर धरून उभी राहिली. लिफ्टमध्ये आमच्याशिवाय कुणीही नव्हतं.

ते पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. मासा घरीच शिजणार असं मी ठरवलं. प्रश्न फक्त वासाचा होता. आणि खरं सांगायचं तर शेजाऱ्यांपर्यंत आधी पोचतो तो आपला मसाला. तिरफळ, लसूण, गरम तेलात पडलेली लाल मिरची, आमसूल. हा वास डक्टमधून गेला की तळमजल्याच्या वॉचमनलाही कळावं, वर सुरमई आहे. मग मोबाइलवर मी एका जपानी बाईचा व्हिडिओ बघितला. इवलंसं स्वयंपाकघर, बंद खिडकी, माशाचे जाड काप आणि त्यावर चकचकीत तपकिरी सॉस. फोडणी नाही, मसाला नाही, धूर नाही. मी तो पुन्हा पुन्हा बघितला. चोर बँकेचा नकाशा बघतो तसा.

मासळीबाजारातल्या मावशींना मी सुरमईचे बोटभर जाड काप मागितले.

“एवढं जाड? शिजतील का बाय?” त्या कोयता थांबवून म्हणाल्या.

“वेगळ्या पद्धतीने करणार आहे, मावशी.”

“नवऱ्याला विचारलंस का?” त्या म्हणाल्या, आणि शेजारणीकडे बघून हसल्या.

तुकड्या एका पिशवीत, ती पिशवी डब्यात, डबा पुन्हा पिशवीत, आणि हे सगळं लॅपटॉपच्या बॅगेत. गेटपाशी घरमालक भेटले. “काय, आज लवकर?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. बॅग पोटाशी धरली होती, आणि थंडगार डबा माझ्या बरगड्यांना लागत होता.

पहिल्या दिवशीची ती सुरमई मी अशी केली. दाराच्या फटीला ओला टॉवेल लावला. खिडकी घट्ट लावली. एक्झॉस्ट फॅन बंद, कारण तो थेट काकूंच्या खिडकीकडे फुंकायचा. तुकड्यांना मीठ लावून ठेवलं. थोड्या वेळाने मासा पाणी सोडतो, आणि उग्र वास त्या पाण्यात असतो, असं त्या बाईने दाखवलं होतं. ते पाणी ओतून दिलं, तुकड्या कागदाने टिपून कोरड्या केल्या. पॅनमध्ये चमचाभर तेल, मंद आच, आधी एक बाजू, मग दुसरी. वाटीत सोया सॉस, आल्याचा रस, थोडं व्हिनेगर आणि किसलेला गूळ कालवून ठेवला होता. ती बाई घालायची ती तांदळाची गोड दारू आपल्याकडे कुठली, म्हणून गूळ. ते पॅनमध्ये ओतलं आणि चमच्याने तुकड्यांवर घालत राहिले. हळूहळू ते आटलं, घट्ट झालं, तुकड्यांवर काकवीसारखं चढलं. वर भाजलेले तीळ.

आई दाराशी कान लावून उभी होती. बाहेर लिफ्टचं दार वाजलं की ती हात वर करायची आणि मी गॅस बारीक करायची. आम्ही दोघींनी पोलिसांच्या गाडीसमोर घोषणा दिलेल्या आहेत. आणि त्या दुपारी आम्ही कुजबुजत होतो.

“काय हे?” आईने पहिला घास घेऊन विचारलं. “मासा आहे की गुलाबजाम?”

“जपानी पद्धत आहे, आई.”

“म्हणून ते लोक इतके शांत असतात. तिखटच नाही.” तिने दुसरी तुकडी घेतली. “पुढच्या वेळेला गूळ कमी घाल.”

तिने भात दोनदा घेतला. मी मात्र एकही घास नीट गिळू शकले नाही. जेवण झाल्यावर काटे आणि कागद पुन्हा त्याच डब्यात भरून मी दुसऱ्या दिवशी माजिवड्याला नेले. तिथल्या उड्डाणपुलाखालच्या मांजरी मला ओळखायला लागल्या.

मग ते चालूच राहिलं. कधी गूळ कमी आणि लिंबू जास्त, कधी तिळाचं वाटण लावून, कधी सुरमईऐवजी हलवा किंवा रावस. भीती कमी झाली नाही, तिची सवय झाली. दर वेळी सॉस कालवायला नको म्हणून मी काचेची एक बरणीच भरून ठेवायला लागले. सोया, आलं, व्हिनेगर, गूळ. त्यात माशाचा संबंध नव्हता आणि लसणाचाही.

एकदा काकू दारात भेटल्या. “तुमच्याकडे आल्याचा फार छान वास येतो हो,” त्या म्हणाल्या. “चायनीज करता वाटतं?”

“जपानी,” आई म्हणाली. “हिचे प्रयोग चालतात. भाज्या-बिज्या.”

दार लावल्यावर ती दाराला पाठ लावून उभी राहिली. काकूंना ती आवडायला लागली होती, आणि तिला काकू. दोघी एकमेकींना वाट्या पाठवायच्या. काकूंची एक जुनी, जड स्टीलची वाटी होती, तिच्या कडेला त्यांच्या सासूबाईंचं नाव कोरलेलं. त्यात कधी शेवयांची खीर यायची, कधी अळूवडी. वाटी रिकामी परत द्यायची नाही, हा आईचा नियम. मग त्यात साखर तरी, नाहीतर चार पेरूच्या फोडी.

कोजागरी झाली होती. काकूंचा चातुर्मास चालू होता, कांदा-लसूण बंद. शनिवारी दुपारी त्यांनी बेल वाजवली. आई खाली भाजी आणायला गेली होती.

“अगं, माझी नात येते आहे संध्याकाळी पुण्याहून. तिला आपलं जेवण नको असतं. तुझा तो सॉस थोडा देशील का? पनीरला लावून बघते.” मग थांबून म्हणाल्या, “लसूण नाही ना त्यात?”

“नाही काकू. लसूण अजिबात नाही.”

इतक्या महिन्यांत त्या घरात मी पहिल्यांदाच एक वाक्य मोकळ्या छातीने बोलले होते. त्यांची वाटी आमच्या ओट्यावर होतीच. बरणी हलवली आणि वाटी भरून दिली. मला इतकं बरं वाटलं की मी चक्क स्वयंपाकघराची खिडकी उघडली.

आई भाजी घेऊन आली. तिने उघडी खिडकी बघितली, मग ओट्यावरची बरणी बघितली.

“हे एवढं कमी कसं झालं?”

“काकूंना दिलं. पनीरला.”

आईच्या हातातली पिशवी खाली टेकली. “परवाच्या तुकड्यांचं पॅनमध्ये उरलेलं,” ती म्हणाली, “मी त्यात ओतलं होतं.”

ज्यांच्या घरी मासे तळले जातात त्यांना हे सांगावं लागणार नाही. माशाचं उरलेलं तेल कुणी टाकत नाही. ते वेगळ्या भांड्यात ओतून ठेवायचं आणि पुढच्या माशाला वापरायचं. चव त्यातच असते. आईच्या हाताला तेवढं कळत होतं. तिच्यासाठी ती बरणी पहिल्यापासून माशाचीच होती. मी मात्र ती स्वच्छ समजत होते.

घर जाईल, हा एकच विचार आला, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, की काकू तो खातील. कुठला विचार आधी आला हे मी खोटं सांगू शकले असते. घराचा आला.

“जाऊन सांगते,” मी म्हटलं.

“काय सांगशील?” आई खुर्चीत बसली. “बोललीस की मालक उद्या दारात. कुठे जायचं आपण?”

“आणि नाही बोलले तर?”

“आंबलाय म्हणून सांग,” ती म्हणाली. “ टाकून द्या म्हण.”

ते मला पटलं. हे लिहितानाही पटतं. कुणाचं काही जात नव्हतं. मी चपला न घालताच समोरची बेल दाबली.

काकूंनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात ती वाटीच होती. मागे ओट्यावर पनीरचे तुकडे कापून ठेवलेले, कोरडे, पांढरे. अजून लावलं नव्हतं. मला रडू आलं असतं.

“काकू, तो सॉस टाकून द्या. आंबलाय तो.”

“आंबलाय?” त्यांनी वाटी नाकाशी नेली. “छे. छान आहे की. आलं किती मस्त लागतंय वासाला.”

“नाही, जुना आहे. पोट बिघडेल.”

“अगं, अन्न असं टाकू नये. थांब, बघते.” आणि त्यांनी उजव्या हाताचं बोट वाटीत बुडवून तोंडाकडे नेलं.

मी त्यांचं मनगट धरलं. घट्ट. त्यांच्या बांगड्या माझ्या बोटांत रुतल्या.

“काकू, त्यात मासा आहे.”

त्यांना काही कळलं नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, बोट हवेत, त्यावरून तपकिरी थेंब ओघळून मनगटापर्यंत आला. मी सगळं सांगितलं. बरणी, पॅन, सुरमई, बंद खिडकी. माझ्या आवाजात पत्रकातला एकही शब्द नव्हता. मी नुसती भराभर बोलत होते, आणि मागे आमच्या उघड्या दारात आई उभी होती.

काकूंनी वाटी चपलांच्या स्टँडवर ठेवली. आत गेल्या. बेसिनचा नळ सुटला आणि बराच वेळ सुटलेलाच राहिला. परत आल्या तेव्हा त्यांचा हात लाल झाला होता.

“राहायला आल्यापासून?” त्यांनी आईला विचारलं.

“आल्यापासून नाही,” आई म्हणाली. “पण हो.”

“वाटी तुमच्याकडेच राहू दे आता,” काकू म्हणाल्या, आणि दार लावलं. आपटलं नाही. साधं लावलं.

त्यानंतरच्या दिवसांतलं मला भीती सोडून दुसरं काही आठवत नाही. बेल वाजली की आई आतल्या खोलीत जायची. एकदा वॉचमन वर आला, हातात कागद. मी दार धरून उभी राहिले. टाकी धुणार, पाणी भरून ठेवा, एवढंच त्यात होतं. घरमालक खालून फेरी मारताना वर बघायचे, किंवा मला तसं वाटायचं. बरणी आम्ही घासून उन्हात ठेवली. त्या काळात मासा शिजला नाही, आणि आईचा भात पुन्हा ताटात फिरायला लागला. काकूंची वाटी मी चिंचेने घासून फडताळात अगदी वर ठेवली. तिला हात लावायचा धीर होत नव्हता.

एका दुपारी लिफ्टमध्ये काकू भेटल्या. दार बंद झालं. बाहेर पडायला जागा नव्हती.

“तुमचे मालक भेटले होते परवा खाली,” त्या समोर बघत म्हणाल्या. “भाडेकरू कसे आहेत, विचारत होते. वास-बिस येतो का म्हणाले.”

मी लिफ्टच्या आकड्यांकडे बघत होते.

“मी म्हटलं, आल्याचा येतो.”

लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली. त्या बाहेर पडल्या, किल्ली काढली, आणि वळल्या.

“माझ्यापासून लपवलंत याचा मला राग आहे, आणि तो राहील. मला सांगितलं असतंत, तर मी माझी खिडकी लावून घेतली असती.”

एवढं बोलून त्या आत गेल्या.

आज आम्ही त्याच घरात आहोत, ते एका म्हाताऱ्या बाईने एक वाक्य अर्धं ठेवलं म्हणून. मी त्यांची ऋणी आहे, आणि तरीही हे मला सहन होत नाही. कुणाच्या चांगुलपणावर आपलं ताट अवलंबून असेल, तर ते ताट आपलं नाही. उद्या त्या पुण्याला नातीकडे गेल्या आणि समोर दुसरं कुणी आलं, तर काय? कुठल्याही कायद्याने काकूंना मासा खायला लावू नये, आणि तसं झालं तर त्यांच्या बाजूने पत्रक मीच लिहीन. पण आईने काय शिजवावं हेही कुणी तिच्या सहीखाली छापू नये. त्या ओळीने आम्हाला शाकाहारी केलं नाही. खोटं बोलायला तेवढं शिकवलं. आणि ते खोटं वाटीत भरून थेट काकूंच्या तोंडापर्यंत गेलं.

करार आता संपत आला आहे. नव्यावर सही करायची आहे. काल आईने पर्समधून चष्मा काढला, जुना करार मांडीवर घेतला आणि ती ओळ स्वतः वाचली, बोट ठेवून.

“ही खोडायला सांगूया,” ती म्हणाली.

“आणि नाही म्हणाले तर?”

“तर पुन्हा एजंट.” तिच्या हातातला कागद वाजत होता. पण तिने तो खाली ठेवला नाही.

रविवारी आम्ही घरमालकांकडे जाणार आहोत. मला भीती वाटते आहे. तिलाही वाटते आहे.

तुम्हाला एकच काम सांगते. तुमच्या नावावर एखादं घर असेल आणि ते तुम्ही भाड्याने दिलं असेल, तर आज कपाटातून तो करार काढा. त्यात जेवणाबद्दल ओळ असेल तर ती पेनाने खोडा आणि शेजारी सही करा. मग भाडेकरूला फोन करून सांगा की खोडली. आजच करा, कारण तुमच्या त्या घरात आत्ता कुणीतरी खिडकी लावून, दाराला कान देऊन उभं असेल.